भज्जीत मीठ होतं, गुरुजी

"ताई, सा. न. वि. वि.

मी औसा तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. वय 63. माळकरी आहे, व्यसन कसलं नाही. साखरेची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. तरी गेली दोन वर्षं मी माझा राहिलो नाही असं वाटायलंय.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात बरीच माणसं जेवायला होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, 'भज्जीत मीठच नाही.' बाकीचे म्हणाले, बरोबर आहे की. तेव्हापासून आमची मंडळी, म्हणजे बायको, माझ्याशी नीट बोलत नाही. मुलगा म्हणतो, 'आबा, तुम्हाला ऐकायचंच नसतं.' नात शाळेतलं काही सांगते, त्यातलं अर्धं कळत नाही, मी नुसती मान हलवतो. रात्री साडेआठला डोळे मिटतात आणि तीनला टक्क जाग येते. बाजारात जुना विद्यार्थी भेटला, पाया पडला. त्याचं गाव, बापाचं दुकान, तो कितव्या बाकावर बसायचा, सगळं आठवलं. नाव आठवलं नाही. ते रात्री अंथरुणात आठवलं आणि रडू आलं. ताई, किल्लारीच्या भूकंपात ढिगारे उपसले तेव्हा मी रडलो नव्हतो. आता कीर्तनात रडतो, टीव्हीवर कुणाची मुलगी सासरी निघाली तरी रडतो. तळपायाला मुंग्या येतात, पण ते साखरेचं असेल. मला वेड तर लागत नाही ना? घरात कुणाला सांगितलेलं नाही. नाव छापू नका."

गुरुजी, नमस्कार.

तुमच्या पत्रात मला वेडाचं काही दिसत नाही. दिसतं ते असं, की तुमचं शरीर चार-पाच ठिकाणी एकाच वेळी बदललं आणि त्यातल्या एकाही बदलाची तुम्हाला कुणी आगाऊ कल्पना दिली नव्हती. चष्मा लागणार, गुडघे कुरकुरणार, केस पिकणार, हे आपण लहानपणापासून ऐकतो. जीभ मंदावते, कान निवडक ऐकायला लागतात, झोपेची वेळ सरकते, तहान लागेनाशी होते, हे कोण सांगतं? आणि हे बदल बाहेरून आजारासारखे दिसत नाहीत, स्वभावासारखे दिसतात. वहिनींना वाटलं, तुम्ही चारचौघांत त्यांचा पाणउतारा केला. मुलाला वाटतं, तुम्ही हेकट झालात. तुम्हाला स्वतःला वाटतं, डोकं फिरलं. माझ्या दवाखान्यात साठी ओलांडलेली माणसं येतात, तेव्हा सोबतची सून किंवा मुलगा पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच बोलतो: "अलीकडं स्वभाव लई बदललाय." मी आधी कान बघते.

पण तुमच्या बाबतीत मिठापासून सुरू करते, कारण दुखावलं गेलेलं माणूस तिथं आहे. चव कळते ती जिभेनं आणि नाकानं मिळून, आणि त्यात नाकाचा वाटा मोठा असतो. वय वाढलं की वास घेण्याची ताकद कमी होते, तोंडातली लाळ कमी होते, आणि खारट लागण्यासाठी पूर्वीपेक्षा जास्त मीठ लागतं. हे इतकं हळूहळू होतं की आपली जीभ बदलली असं कधी वाटतच नाही, स्वयंपाक बदलला असंच वाटतं. म्हणजे तुम्हाला भज्जी अळणी लागली हे खरं, आणि वहिनींचा हात चुकला नव्हता हेही खरं. आता जरा त्यांच्या बाजूनं बघा. येळवशीची भज्जी म्हणजे आदल्या दिवसापासूनचा राबता. शेंगा सोलायच्या, पालेभाज्या निवडायच्या, चिंच भिजत घालायची, डाळीचं पीठ लावून गुठळी होऊ न देता ढवळत बसायचं, वर उंडे, अंबील, सगळ्यांचं शेतापर्यंत नेणं. एवढं करून पहिला घास घेतल्या घेतल्या नवरा म्हणतो, मीठ नाही. जे चारचौघांत बोललात ते चारचौघांतच दुरुस्त करा. पुढच्या येळवशीची वाट बघू नका. घरात चार माणसं जेवायला बसली की सरळ सांगा, "त्या दिवशी मीठ बरोबर होतं, माझी जीभ मंदावलीय." माफी अशीच मागायची असते, आणि त्यात मुलालाही कळेल की आबांना काहीतरी होतंय.

वरून मीठ मात्र घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे, म्हणजे सगळ्या जेवणांत मिळून जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. आपल्याकडं लोणचं, पापड, ठेचा, शेंगदाण्याची चटणी यांतच त्यातलं बरंच संपतं. साखर असलेल्या माणसाला रक्तदाबही लवकर गाठतो. चवीसाठी लिंबू पिळा, चिंचेचं पाणी घ्या, लसूण, भाजलेलं जिरं, कोथिंबीर वाढवा, कारळाची किंवा जवसाची चटणी मीठ कमी घालून करा. मंद जिभेलाही आंबट आणि खमंग बऱ्यापैकी कळतं.

आता कान. यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरातली निम्मी कटकट इथून येतेय असं मला वाटतं. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात अतिशय बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वयानुसार आधी मरतात त्या बारीक, उंच आवाज पकडणाऱ्या. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ओ, हे जाड आणि जोरकस असतात, ते शेवटपर्यंत ऐकू येतात. स, श, फ, थ, क, ट ही व्यंजनं बारीक आणि हलकी असतात, ती आधी जातात. त्यामुळं माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही. "सात" की "हात", "काल" की "चाल", याचा अंदाज बांधावा लागतो. बायकांचा आणि लेकरांचा आवाज मुळात बारीक, म्हणून नातीचं बोलणं सगळ्यात आधी हरवलं. शेजारच्या रानातल्या माणसाची हाक ऐकू येते आणि सुनेचं बोलणं ऐकू येत नाही. मग घरच्यांना वाटतं, हवं तेवढं बरोबर ऐकतात. तुमच्या मुलाची तक्रार हीच आहे, आणि त्याचा त्यात दोष नाही. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

त्याला सांगा, ओरडून उपयोग नाही. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात, वर समोरचा रागावलाय असं वाटतं. तोंडासमोर बसून, जरा सावकाश बोलायचं. टीव्ही बंद करून बोलायचं. उन्हाळ्यात कूलरची घरघर सुरू झाली की ऐकणं आणखी अवघड होतं, तेव्हा महत्त्वाचं बोलणं कूलरपासून दूर. आणि नातीला शेजारी नको, समोर बसवा. तुम्ही मान हलवता हे लेकरांना फार लवकर कळतं, आणि मग ती सांगायचं सोडून देतात. "काय म्हणालीस, परत सांग" असं तिला दहा वेळा विचारा. शाळेत तुम्ही पोरांना न समजलेलं विचारायला शिकवलं असणारच.

दवाखान्यात आधी कानात मळ आहे का ते बघून घ्या. कधी कधी तेवढ्यानंच पुष्कळ फरक पडतो. नसेल तर श्रवणक्षमतेची तपासणी करायची. हेडफोन लावून वेगवेगळे आवाज ऐकवतात, दुखत-खुपत काही नाही. यंत्र लागलं तर लावा. पहिले काही आठवडे भांड्यांचा खणखणाट नकोसा होतो, कारण मेंदूला ते आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला वेळ लागतो. त्याच काळात पुष्कळ माणसं यंत्र डबीत घालून फडताळात ठेवतात, तसं करू नका. डोक्याची काळजी वाटते म्हणून पत्र लिहिलंत ना? मग हे ऐका: 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीनं 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी आणि बदलता येण्यासारखी 14 कारणं दिली, त्यात ऐकू न येणं आहे, आणि माणसांपासून तुटून राहणंही आहे. एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं, तर मात्र तो वयाचा भाग धरू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा, उशीर झाला तर ऐकणं परत येण्याची आशा कमी होत जाते.

विद्यार्थ्याचं नाव. गाव, दुकान, बाक आठवलं आणि नाव रात्री आठवलं, याचा अर्थ नाव डोक्यात जागेवर होतं, बाहेर यायला वेळ लागला. माणसाच्या चेहऱ्याला, गावाला, धंद्याला दहा धागे असतात. नावाला तसा काही आधार नसतो, म्हणून वय वाढलं की आधी नावंच अडकतात. शिक्षकाच्या हाताखालून किती पोरं गेली असतील याचाही विचार करा. त्या मुलाला सरळ विचारा, "बाळा, नाव सांग, वय झालं आता." काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची: रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तासाभरात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पैशाचा साधा हिशेब न जमणं, चहा कसा करायचा हेच न सुचणं. आणि बहुतेक वेळा हे त्या माणसाच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतं. यातलं काही तुमच्या पत्रात नाही.

पत्रात जे आहे आणि तुम्ही एका ओळीत उरकलंत, ते तळपायाच्या मुंग्यांचं. त्या ओळीवर मी थांबले. साखरेनं पायांच्या नसा खराब होतात, हे बरोबर. पण तुम्ही माळकरी आहात, आणि साखरेची गोळी अनेक वर्षांपासून घेताय. ती गोळी मेटफॉर्मिन असेल, आणि बहुतेकांची असते, तर तिच्यामुळं बी-12 जीवनसत्त्व शरीरात नीट शोषलं जात नाही. बी-12 मिळतं मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून. भाकरी, डाळी, भाज्या यांत ते जवळजवळ नसतंच. म्हणजे आत येतं थोडं आणि त्यातलंही पुरतं लागू पडत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. ती झाली की तळपायाला मुंग्या येतात, जीभ गुळगुळीत होऊन चव बिघडते, विसर पडतो, मन उदास होतं. तुमचं पत्र पुन्हा वाचा. तुमच्या तक्रारींपैकी निम्म्यांना हे एक कारण हातभार लावत असू शकतं, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. नसांचं नुकसान फार दिवस चाललं तर पूर्ण भरून येत नाही, म्हणून ही तपासणी या आठवड्यात करा. थायरॉईडचीही त्याच वेळी करून घ्या. आणि तोवर शेतात अनवाणी फिरू नका. मुंग्या येणाऱ्या पायाला बाभळीचा काटा रुतलेला कळत नाही. रोज रात्री तळपाय उजेडात बघा, दिसत नसेल तर नातीला बघायला सांगा.

झोपेचं तसं फार चिंता करण्यासारखं नाही. साडेआठ ते तीन म्हणजे साडेसहा तास झाले, त्यात दुपारची डुलकी धरा. वय वाढलं की शरीराचं घड्याळ लवकरच्या वेळेकडं सरकतं, संध्याकाळीच डोळे मिटायला लागतात आणि गाढ झोपेचा वाटा कमी होतो. संध्याकाळी उन्हं उतरताना बाहेर फिरून या, जेवणानंतर दहापर्यंत माणसांत बसा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. जाग आपोआप पुढं जाईल. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून खाऊ नका. या वयात त्या गोळीनं पहाटे तोल जातो, माणूस मोरीत पडतो, आणि मोडलेलं खुब्याचं हाड माणसाला महिनोन् महिने अंथरुणात ठेवतं. रात्री लघवीला किती वेळा उठता हे तुम्ही लिहिलं नाही. दोनपेक्षा जास्त वेळा उठत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यात साखर आणि प्रोस्टेट दोन्ही बघावं लागतं.

पण तीन वाजता जाग आल्यावर तुम्ही काय आठवत पडून राहता, हे मला विचारावंसं वाटतं. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना झाला. तुम्ही तेव्हा तिशीतले होतात. अंगात ताकद होती, हाताला काम होतं, ढिगाऱ्याखाली माणसं होती. रडायला वेळ कुणाला होता? नंतर शाळा, पोरांची लग्नं, कर्ज, दुष्काळ. आता नोकरी संपली, हात रिकामे झाले, आणि जे तेव्हा आत दाबलं ते वर येतंय, असं असू शकतं. त्या भागातल्या माणसांनी फार सोसलंय आणि त्यातलं फार थोडं कुणाजवळ बोललं गेलंय. कीर्तनात डोळे भरून येणं याला मी आजार म्हणणार नाही, ते भरू द्या. त्या दिवसांत तुमच्यासोबत ढिगारे उपसणारं कुणी अजून गावात असेल तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसा आणि त्या दिवसांबद्दल बोला. मात्र दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नाही, भूक मेली, जगण्यात अर्थ नाही असं वाटतं, असं झालं तर ते उदासीनतेचं दुखणं आहे आणि त्याला औषध आहे. टेलिमानस, 14416, हा सरकारी नंबर आहे, कोणत्याही वेळी लावा, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट मी विचारते, कारण आपल्याकडं उन्हाळ्यात तिच्यानं माणसं आडवी होतात. पाणी किती पिता? वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि घसा कोरडा पडत नाही. मूत्रपिंडंही पूर्वीसारखं पाणी राखून ठेवत नाहीत. परभणी-नांदेड-लातूरकडं पारा 42-43 ला गेला की ज्येष्ठ माणसं गोंधळल्यासारखी बोलायला लागतात, उठताना चक्कर येते, घरच्यांना वाटतं भ्रम झाला. कितीतरी वेळा तो पाण्याचा प्रश्न असतो. तहानेची वाट न बघता वेळेवर प्या, बहुतेक पाणी संध्याकाळच्या आत संपवा म्हणजे रात्री उठावं लागणार नाही, ताक बिनमिठाचं घ्या. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय समजा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास सांगितलेला असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांकडून घ्या.

पायजमा अलीकडं लांब व्हायला लागला असेल तर तो धुवून वाढला नाही. मणक्यांमधल्या गाद्या सुकतात, उंची थोडी कमी होते. कानावर केस येतात, नखं जाड होतात. याला काही करायचं नसतं. मांडीवरचं मांस मात्र राखा: हात न टेकता खुर्चीतून उठायचा सराव रोज करा, डाळ, दही, मूठभर शेंगदाणे पोटात जाऊ द्या.

आता वहिनींबद्दल. तुमच्या पत्रात त्या फक्त रुसलेल्या दिसतात. त्यांचं वय साठीच्या आसपास असेल. पाळी गेल्यानंतर बाईची हाडं पहिल्या काही वर्षांत झपाट्यानं ठिसूळ होतात, रात्री अंगातून वाफा निघतात, झोप मोडते. खोकताना, हसताना थेंब-थेंब लघवी होते म्हणून कितीतरी बायका लग्नकार्याला, एसटीनं लांब जायला टाळतात आणि कारण भलतंच सांगतात. कमी वयात पिशवी काढली असेल तर हे सगळं आणखी लवकर येतं, आणि मराठवाड्यात अशा बायका कमी नाहीत. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला होता. यातलं त्यांनी तुम्हाला काही सांगितलंय का? नसेल तर तुम्ही जसं घरात सांगितलं नाही, तसंच त्यांनीही नाही. आधी स्वतःचं सांगा. कानाचं सांगा, मुंग्यांचं सांगा, रडू येतं तेही सांगा. मग त्यांना विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

दोघं मिळूनच तपासायला जा. औशाच्या ग्रामीण रुग्णालयात सुरुवात करा, कानाची तपासणी तिथं झाली नाही तर लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत कान-नाक-घसा विभाग आहे. वहिनींना एसटीत अर्धं तिकीट आहेच, तुम्हाला ते 65 ला मिळेल. मुलाला सोबत न्या, डॉक्टर कानाबद्दल जे सांगतील ते त्यानं स्वतः ऐकावं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट पिशवीत घालून न्या, वैद्याकडची पुडी असेल तर तीही. सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून घ्या: मुंग्या, चव, कान, नावं, झोप, रडू. बी-12, थायरॉईड, तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, रक्तदाब, आणि साखर आहे म्हणून डोळ्याच्या पडद्याची वर्षातून एकदा होते ती, एवढं तपासून घ्या. बी-12 कमी आलं तर इंजेक्शनं किंवा गोळ्या सुरू होतील. मुंग्या ओसरायला काही महिने लागू शकतात, मध्येच सोडू नका. आणि हे वाचून साखरेची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती चालू ठेवून बी-12 द्यायचं की गोळी बदलायची, हे तुमची साखर बघून तुमचे डॉक्टर ठरवतील.